शंभरावी फुंकर

रविवारचं जेवण उरकत आलं होतं. भांड्यात भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशची खरवड तेवढी उरली होती आणि तिच्यावरून दोघींची जुंपायच्या बेतात होती, तेवढ्यात ब्लायथने चमच्याने पेला वाजवला. ब्लायथ ही थीटा झीटा सॉरोरिटीच्या, म्हणजे एका घरात राहणाऱ्या विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळाच्या, या चॅप्टरची म्हणजे शाखेची अध्यक्ष. एरवी ती पेला वाजवायची ती न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसांवरून झाडायला. आज मात्र तिचा आवाज कापत होता.

"गुरुवारी माझ्या पत्रपेटीत चिठ्ठी आली. तीन दिवस पोटात ठेवलीय, कशी ते माझं मला माहीत. मुलींनो, आज मेणबत्ती आहे."

चाळीस काटे जागच्या जागी थांबले.

थीटा झीटात एखादीचं लग्न ठरलं की ती सांगत सुटत नाही. अध्यक्षांना बिननावाची चिठ्ठी टाकते. मग सगळ्या जणी दिवे मालवून गोल उभ्या राहतात, गाणं म्हणतात आणि एक पेटती मेणबत्ती हातोहात फिरवतात. पहिला फेरा सगळ्यांच्या नावाचा, दुसरा ज्यांचं कुणाशी जुळलंय त्यांचा, आणि तिसऱ्या फेऱ्यात जी फुंकर मारेल तिचं लग्न ठरलं. तोवर कोण, कुणाशी, याबद्दल चकार शब्द नाही. १९३८ पासूनच्या अशा प्रत्येक फुंकरीची नोंद एका हिरव्या वहीत आहे. चॅप्टरची बाकी कर्तबगारीही काही कमी नव्हती. गाण्याचा चषक सलग तीन वर्षं, मार्कांत विद्यापीठात पहिला नंबर, रक्तदानात बाकीच्या सगळ्या हाउसना मागे टाकलेलं. पण हिरवी वही गेली चार वर्षं नव्व्याण्णववर अडकून पडली होती. हल्ली विशीत लग्न ठरवतं कोण? शंभरावं नाव लागलं की मुख्य कचेरीच्या मासिकात पानभर मजकूर येणार होता, आणि ब्लायथने तो कधीच लिहून ठेवला होता, नावापुरती जागा सोडून.

मार्नी हॉल्व्हर्सनची नजर मात्र आधी पडद्यांकडे गेली. मार्नी चॅप्टरची सुरक्षाप्रमुख. गेल्या वसंतात कुणाच्या तरी केस कुरळे करायच्या चिमट्याने पडदा जळाला, तेव्हा मुख्य कचेरीचं पत्र आलं होतं. पुन्हा आगीची एक जरी घटना घडली तर मेणबत्ती कायमची बंद, पुढे बॅटरीचे दिवे फिरवा. तेव्हापासून मार्नीने कंबर कसली. घरातल्या काड्यापेट्या जप्त केल्या, चौदा नियम लिहून मजल्यामजल्यावर लावले, आणि अग्निशमन खात्यातल्या वेंडेलना आठवड्यातून तीनदा फोन करून भंडावून सोडलं. वेंडेल म्हणजे देवमाणूस. आग विझवायच्या लाल नळकांड्याचा काटा किंचित हलला असं नुसतं कानावर घातलं तरी पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला दारात हजर. त्या वेळी मुली सगळ्या वर्गात, त्यामुळे त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. मार्नीनेही पाहिलं होतं ते एकदाच, प्रशिक्षणात. पण वर्षभरात अकरा तपासण्या झाल्या आणि ‘राज्यातलं सर्वांत सुरक्षित हाउस’ अशी पितळी पाटी दिवाणखान्यात लागली. त्या पाटीवर मार्नीचा फार जीव. गाण्यात तिचा सूर लागत नसे, मार्क बेताचे, आणि रक्त पाहिलं की तिला चक्कर येई. चॅप्टरच्या एवढ्या कर्तबगारीत तिचं म्हणावं असं ते एवढंच होतं.

"मला आधी सांगायला काय झालं होतं गं?" तिने ब्लायथला कोपऱ्यात गाठलं.

"गुपित असतं ते."

"सुरक्षाप्रमुखापासून कसलं गुपित?"

"अगं बाई, तुला कळलं असतं तर तू वऱ्हाडाला हेल्मेटं घालायला लावली असतीस."

मार्नीने ते मनावर घेतलं नाही. पाण्याची बादली आणली, ओला टॉवेल आणला, लाल नळकांडं आणून खुर्चीवर ठेवलं. तोवर दिवे मालवले गेले आणि तिला मिळेल त्या जागी उभं राहावं लागलं. एका बाजूला ऑर्फा लिंडक्विस्ट आजी. वय शहाऐंशी, हिरव्या वहीत क्रमांक तेवीस, साल १९५९. शंभरावी बघायची म्हणून ब्लायथने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. दुसऱ्या बाजूला मॉम ट्रूडी.

मॉम ट्रूडी ही हाउसची आई, मुलींची देखभाल करायला नेमलेली. नवरा गेल्यावर इथे आली, त्याला नऊ वर्षं झाली. मुलींचे ताप, प्रेमभंग, हरवलेल्या किल्ल्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीची रडारड, सगळं तिच्या जिन्याखालच्या खोलीत जाऊन मिटायचं. मार्नीला पहिल्या वर्षी घरची आठवण येऊन येऊन नको व्हायचं, तेव्हा हीच तिला समोर बसवून शेंगा सोलायला लावायची आणि सोलता सोलता बोलतं करायची. मेणबत्तीच्या वेळी मॉम नेहमी दिव्याच्या बटणापाशी असायची. आज म्हणाली, "बटणाचं दुसरं कुणी बघा गं. आज मीही उभी राहते." अंगात निळा झगा होता, ओठांना रंगही होता. ऑर्फा आजी येणार म्हणून असेल, असं मार्नीला वाटलं.

पहिला फेरा नीट झाला. दुसरा नीट झाला. तोवर मार्नीने फक्त ज्योतीकडे बघितलं होतं; तिसऱ्या फेऱ्यात मेणबत्ती ऑर्फा आजींच्या हातात आली तेव्हा तिला ज्योतीखाली बांधलेलं धड दिसलं. शंभरावी म्हणून ब्लायथने मेणबत्तीला रेशमी फीत आणि सुकलेल्या पांढऱ्या फुलांचा गुच्छ बांधला होता. नियम चौथा स्पष्ट होता: सुकं गवत, कागद आणि कापूस ज्योतीपासून तीन फूट लांब. फुलांचा उल्लेख नव्हता, हे ब्लायथने नंतर तीन वेळा बोलून दाखवलं. आजींचा हात थरथरत होता. मेणबत्ती कलली, एक फूल लाल झालं, तडतडलं आणि पेटलं. आजींच्या केसांवर केस बसवायच्या, चटकन पेटणाऱ्या स्प्रेची अख्खी बाटली रिकामी झालेली होती. मार्नीने झडप घालून मेणबत्ती घेतली. ‘आधी विझवा, मग बोला,’ हे वेंडेलचं प्रशिक्षणातलं वाक्य तिच्या रक्तात भिनलं होतं. तिने फुंकर मारली.

पहिलं पाळून झालं. दुसऱ्याला संधीच मिळाली नाही.

काळोखात शेजारी कुणीतरी श्वास आत घेतल्याचा बारीक आवाज झाला. मग चाळीस मुली अशा किंचाळल्या की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"अगं, फूल पेटलं होतं," दिवे लागल्यावर मार्नी म्हणाली.

"लाजतेय बघा."

"लाजत नाहीये. फूल बघा ना, इथंच पडलंय."

फूल चाळीस जोडी पायांखाली कधीच भुगा झालं होतं. तेवढ्यात ऑर्फा आजींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी छातीवरची सोन्याची पिन सोडवली. थीटा झीटात नव्या मुलीला एक ‘मोठी’ बहीण नेमून देतात, ती पिन त्या परंपरेतली होती. "माझ्या मोठीनं मला दिली, तिच्या मोठीनं तिला. शंभरावीला द्यायची म्हणून मी पोटच्या लेकीला दिली नाही. आता मी सुखानं डोळे मिटेन."

शहाऐंशी वर्षांच्या बाईने डोळे मिटायचं काढल्यावर तिच्यापुढे फुलाचं काय सांगणार? मार्नी गप्प बसली, आणि तिथेच फसली.

मॉम ट्रूडीने तिच्या कपाळावर ओठ टेकले. "सुखी राहा गं पोरी. आधी एका शब्दानं बोलली असतीस, तर..."

"तर काय, मॉम?"

"काही नाही. केक आणते."

पुढचा विधी म्हणजे नवरीला कपड्यांसकट गार पाण्याच्या फवाऱ्याखाली उभं करणं. बाहेर उणे वीस होतं आणि नळाच्या पाण्याला त्याची पुरेपूर कल्पना होती. सहा जणींनी मार्नीला वर नेलं.

"नाव सांग, मग बंद करतो."

"कुणाचं नाव? नाहीये कुणी."

"आम्ही काय दूधखुळ्या आहोत?" ब्लायथ नळावर हात ठेवून म्हणाली. "आठवड्यातून तीनदा फोन कुणाला असतो? ‘वेंडेल, मंगळवारी यायचं हं, मागचं दार उघडं ठेवते.’ अख्ख्या मजल्याला पाठ झालंय."

"ते नळकांडी तपासायला येतात."

"हो, आणि मी चंद्रावर भाजी आणायला जाते."

मार्नीचे दात वाजत होते, त्यामुळे तिच्या पुढच्या खुलाशातला एकही शब्द धड बाहेर पडला नाही. ब्लायथने तेवढ्यात मजकुरातली मोकळी जागा भरून तो मासिकाकडे धाडला, आणि वर चॅप्टरच्या इंटरनेटवरच्या पानावरही टाकला. चार मिनिटांत मार्नीचा फोन वाजला. बिस्मार्कहून आई.

"मार्नी, वेंडेल कोण?"

"आई, काही नाहीये तसं."

"तुझे बाबा गॅरेजमध्ये जाऊन बसलेत. जॅकेटसुद्धा नेलं नाही. म्हणतात, जगाला कळलं, बापाला नाही."

"आई, मी कुणाशी लग्न करत नाहीये."

"मग त्याला तसं सांगितलंस का? उगाच एखाद्याला आशेवर ठेवू नये गं."

मार्नी टॉवेल गुंडाळून, फोन कानाला लावून जिन्याच्या वळणावर येऊन उभी राहिली, आणि नेमकी त्याच वेळी खाली दाराची घंटा वाजली. ब्लायथ तिला ओलांडून धावत खाली गेली आणि तिने दार उघडलं.

दारात एक सहासष्ट वर्षांचा माणूस उभा होता. गळ्यात टाय, डोक्यावर उरलेले केस पाणी लावून बसवलेले, हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ.

"मी वेंडेल," तो म्हणाला.

ब्लायथचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पण चॅप्टरची अध्यक्ष ती, तिने स्वतःला सावरलं. "या ना. आम्ही... आम्ही वयबिय काही मानत नाही."

"बरं झालं," वेंडेल म्हणाले. "मला त्याचीच धास्ती होती. किंकाळी ऐकू आली की यायचं ठरलं होतं. पण पाऊणएक तास झाला असेल, गाडीत बसून धीर गोळा करत होतो."

"मार्नी वर आहे. जरा भिजलीय."

"गुणी मुलगी. खरं सांगायचं तर सगळं तिच्यामुळेच झालं. ती बोलावत राहिली आणि मी येत राहिलो."

दोघीतिघींनी एकमेकींचे हात धरले. ऑर्फा आजींनी चष्मा लावून पाहुण्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आमचे हेही माझ्याहून बारा वर्षांनी मोठे होते," त्या समजुतीने म्हणाल्या. "हे जरा जास्त आहे, एवढंच."

मार्नीने आईचा फोन बंद केला आणि ठिबकत खाली आली. तिच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्य नव्हतं. हे आले म्हणजे कुणीतरी आगीची वर्दी दिली, आणि आता मेणबत्ती कायमची बंद होणार.

"वेंडेल, अहो, एवढीशी ज्योत होती. एकच फूल जळलं. मी तिथल्या तिथे विझवलं, तुम्ही शिकवलंत तसं. कळवू नका ना कुणाला."

"काय विझवलंस?"

"मेणबत्ती."

"तू?"

फुलं धरलेला हात हळूहळू खाली आला. वेंडेलनी मार्नीच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मार्नीनेही वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मॉम ट्रूडी केकचं ताट घेऊन उभी होती. केकवर पांढऱ्या साखरेत शंभराचा आकडा होता. ताट हातात असल्यामुळे तिला हाताने काही खुणावता येईना. तिने फक्त मान हलवली, अगदी थोडीशी. नको.

निळा झगा, ओठांचा रंग आणि अकरा मंगळवार मार्नीच्या डोक्यात एकापाठोपाठ एक येऊन उभे राहिले. तिला अंगावरच्या पाण्यापेक्षा जास्त गार वाटलं. ती ताटासकट मॉमला आत घेऊन गेली आणि दार लोटलं.

"मॉम, चिठ्ठी तुझी होती?"

"टाइप केलेली होती. कुणाचीही असेल."

"मॉम."

ट्रूडीने ताट खाली ठेवलं. "तुम्हा पोरींच्या गोलात मी चोरासारखी उभी होते गं. त्रेसष्टाव्या वर्षी मेणबत्त्या फुंकायच्या म्हणजे काय थट्टा आहे? पण नऊ वर्षं त्या बटणाजवळून बघत आले. वाटलं, एकदा आपल्याही हातात यावी. तू फुंकलीस तेव्हा मनात म्हटलं, देवानंच लाज राखली. एका संध्याकाळी एकच मेणबत्ती, तुझाच नियम आहे तो. सातवा."

"माझं लग्नबिग्न काही ठरलेलं नाही."

"ते कळलं मला, तू त्यांना अहोजाहो केलंस तेव्हाच." तिने मार्नीच्या केसांतलं पाणी पदराने टिपावं तसं भांड्याच्या फडक्याने टिपलं. "जाऊ दे. केक कापू. आम्ही रजिस्ट्रारकडे जाऊन सही करून येऊ."

मार्नीला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून ती तरातरा हॉलमध्ये गेली.

"सगळ्या परत गोलात या. मघाशी सुरक्षाप्रमुखानं आग विझवली. ती फुंकर धरायची नाही."

"पण मी मासिकाला कळवलंय," ब्लायथ म्हणाली.

"परत कळव."

"आणि तुझा सातवा नियम?"

"सुरक्षाप्रमुख मी आहे. आजच्यापुरता रद्द."

नियम रद्द झाला, पण मेणबत्ती पेटवणार कशाने? मघाशी ती पेटवली होती ती गॅसच्या लांब दांड्याच्या लायटरने, आणि पेटवून होताच मार्नीने तो खबरदारी म्हणून बादलीत बुडवून ठेवला होता. काडी तर गेल्या वसंतापासून या घरात दिसली नव्हती, आणि शेगडी विजेची. हात दाखवून अवलक्षण ते हेच. सगळ्या एकमेकींकडे बघत असताना ऑर्फा आजींनी निमूट पर्स उघडली आणि आतून चांदीचा लायटर काढला.

"आजी, तुम्ही?"

"डॉक्टरला सांगू नका," आजी म्हणाल्या.

मार्नीने गुच्छ सोडवून बादलीत टाकला. वेंडेलना दिव्याच्या बटणापाशी उभं केलं, कारण बटणाची सवय असलेलं माणूस आज गोलात हवं होतं. मॉमला हाताला धरून आणलं. गाणं सुरू झालं आणि या खेपेला मार्नीही मोठ्याने गायली. सूर नेहमीसारखाच चुकला, पण कुणी वळून बघितलं नाही. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात आजींच्या हातातली मेणबत्ती मार्नीकडे आली. तिने ती तळहाताच्या आडोशाने जपून धरली आणि शेजारी दिली.

मॉम ट्रूडीने फुंकर मारली. ज्योत वाकली आणि परत सरळ झाली.

"नीट मार, मॉम," मार्नी हळूच म्हणाली.

"हसू येतंय गं," मॉम म्हणाली. ती रडत होती. दुसऱ्या फुंकरीला काळोख झाला.

या खेपेला कुणी लगेच किंचाळलं नाही. मग अंधारातून कुणीतरी विचारलं, "मॉम?" आणि त्यानंतर जो कल्लोळ झाला त्यापुढे पहिला म्हणजे काहीच नव्हता. दिवे लागले तेव्हा वेंडेल बटणावरचा हात काढायलाच विसरले होते.

फवाऱ्याखाली मॉमला न्यायची हिंमत कुणाला होईना. तिनेच कानातले काढून ऑर्फा आजींकडे दिले. "नियम म्हणजे नियम. पाणी तेवढं कोमट ठेवा, मी काही वीस वर्षांची नाही." आणि ती स्वतःच्या पायांनी जिना चढून गेली. मार्नीने आजींची पिनही तिच्यामागोमाग वर धाडली. बिस्मार्कला आईने बाबांना गॅरेजमधून घरात घेतलं, पण फोन ठेवता ठेवता विचारलंच, "म्हणजे वेंडेल नाहीच का? नाव छान होतं."

केक खाताना मार्नी वेंडेलजवळ बसली. बराच वेळ काट्याने साखर उकरत राहिली.

"खरं सांगा. नळकांडी किती वेळा तपासायची असतात?"

वेंडेलनी घास गिळला. "वर्षातून एकदा."

"मग मी बोलावलं की तुम्ही यायचात कशाला?"

"पहिल्यांदा तपासायलाच आलो. तिनं कॉफी दिली." त्यांनी काटा खाली ठेवला. "दुसऱ्यांदा तू बोलावशील की नाही, याचीच काळजी होती."

मार्नीने भिंतीवरच्या पितळी पाटीकडे पाहिलं. तिची एकुलती एक कर्तबगारी म्हणजे दुसऱ्यांचं प्रेमप्रकरण निघालं होतं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटेना. पाटी कशी का मिळेना, फोन तर तिनेच केले होते.

"लग्न कधी?" तिने विचारलं.

"मे महिन्यात, तुमची परीक्षा संपली की. नदीपलीकडे माझं छोटं घर आहे. तिथं राहायला येईल ती."

हे तिला सुचलंच नव्हतं. लग्न झालेली बाई जिन्याखालच्या खोलीत कशी राहणार? तिने केकचा उरलेला घास कॉफीबरोबर खाली ढकलला.

सोमवारी दुपारी मार्नी मुख्य कचेरीचा वार्षिक फॉर्म भरायला बसली. ब्लायथने वरच्या भागात चषक, मार्क, रक्तदान आणि शंभरावी मेणबत्ती असं सगळं गोल अक्षरांत लिहिलं होतं. खालचा भाग सुरक्षेचा होता. मार्नीने आजवर एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. जळालेलं एक फूल डोळ्यांसमोर आलं, आणि त्यामागोमाग बॅटरीचे दिवे फिरवणाऱ्या पुढच्या मुली दिसल्या. खाली स्वयंपाकघरात मॉम शेंगा सोलत होती, हाक मारून सांगत होती की वेळ असेल तर मदतीला ये.

‘आगीच्या घटना’ या रकान्यात मार्नीने शून्य लिहिलं. त्याखालचा रकाना ‘झालेलं नुकसान’ असा होता. शून्यानंतर तो रिकामाच सोडायचा असतो. तिने थोडा विचार केला, लिहिलं, ‘एक मॉम,’ आणि सही करून शेंगा सोलायला खाली गेली.